तळ्याकाठचे अकरा देश

“आपला कुठंय यात?” आईनं विचारलं.

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्नीचं एपकॉट नावाचं पार्क आहे. त्याच्या मागच्या भागाला ‘वर्ल्ड शोकेस’ म्हणतात. मधोमध मोठं तळं, त्याला वळसा घालणारा जवळपास दोन किलोमीटरचा रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं ओळीत मांडलेले देश. प्रत्येक देशाच्या वाट्याला एक-दोन ओळखीच्या इमारती, एक चौक, दुकानं आणि खाणं. खाणं महत्त्वाचं. लोक इथं जग बघायला येतात असं जाहिरात म्हणते, पण मी पाहिलं तेव्हा बहुतेकांच्या हातात कागदी प्लेट होती आणि डोळे पुढच्या देशाच्या मेन्यूकडं.

मी टॅम्पात बॅकएंडचं काम करतो. तिथून ऑरलँडो गाडीनं दीड तासावर. आई तीन महिन्यांसाठी आली होती, तिला काहीतरी ‘अमेरिकेतलं’ दाखवायचं म्हणून एका शनिवारी इथं आलो. गर्दी डावीकडं मेक्सिकोकडं चालली होती, म्हणून मी उजवीकडून, कॅनडाकडून सुरुवात केली. आई म्हणाली, “उलटी प्रदक्षिणा घालतोयस.” मग तिनं नकाशावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, मोरोक्को, जपान, अमेरिका, इटली, जर्मनी, चीन, नॉर्वे, मेक्सिको. अकरा. परत एकदा मोजले. परत अकराच.

“नाहीये आपला,” मी म्हणालो.

“नॉर्वे आहे, अन् आपण नाही?”

घरच्या लग्नाची पत्रिका आली नाही की तिचा जो आवाज लागतो, तोच लागला होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री सहज शोधायला बसलो आणि पुढचे दोन महिने ऑफिसनंतरचा वेळ त्यातच गेला.

एपकॉट हे मुळात पार्क नव्हतंच. ‘उद्याच्या वस्तीचा प्रायोगिक नमुना’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. वॉल्ट डिस्नीला खरोखरचं शहर वसवायचं होतं, वीस हजार माणसांचं. १९६६ मध्ये त्यानं या शहराची कल्पना सांगणारी एक फिल्म केली. तिच्यात शहराच्या मध्यभागी छताखालचा बाजार आहे आणि त्यातल्या गल्ल्या वेगवेगळ्या देशांतल्यासारख्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉल्ट गेला. त्याच्यामागे कंपनीनं शहराचा नाद सोडला, बाजाराचा सोडला नाही. सत्तरच्या दशकात कंपनीत दोन वेगळ्या कल्पना शिजत होत्या. एक भविष्यातल्या तंत्रज्ञानाचं पार्क, दुसरं देशांचं. दोन्हींसाठी एकेकट्याला पैसा पुरेना, तेव्हा दोन्ही मॉडेलं टेबलावर सरकवून एकमेकांना चिकटवली, आणि झालं एपकॉट. (आमच्याकडंही दोन अर्धवट प्रॉडक्टं अशीच ‘मर्ज’ होतात. त्यामुळं हा किस्सा मला लगेच पटला.) १ ऑक्टोबर १९८२ रोजी पार्क उघडलं तेव्हा देश नऊ होते. मोरोक्को १९८४ मध्ये आला, नॉर्वे १९८८ मध्ये. त्यानंतर एकही नवा देश आलेला नाही.

पैसे कोण देणार, हा पहिल्यापासूनचा प्रश्न. सत्तरच्या दशकातल्या आराखड्यात अर्धवर्तुळाकार इमारत होती. प्रत्येक देशाला दर्शनी भाग सारख्याच रुंदीचा, मागं मात्र ज्याला जेवढं परवडेल तेवढं लांब जा. भिशीत सगळ्यांचा हप्ता सारखा, घर मात्र ज्याचं त्याचं, असा काहीसा हिशोब. सरकारांनी पैसे घालावेत अशी अपेक्षा होती. फारशी कुणी घातली नाहीत. मग कंपन्या आल्या. जपानचा भाग मित्सुकोशी या जुन्या जपानी दुकानवाल्यांनी चालवायला घेतला, अमेरिकेच्या भागामागं कोका-कोला आणि अमेरिकन एक्स्प्रेस उभे राहिले. मोरोक्कोचा अपवाद मोठा आहे. तिथं राजा हसन दुसरा यानं स्वतः लक्ष घातलं. टाइल्सचं बारीक काम करायला आपले कारागीर फ्लोरिडात पाठवले. त्या चौकात उभं राहिलं की हा फरक जाणवतो. बाकीच्या देशांत भिंतीवर बोट वाजवलं तर आवाज पोकळ येतो. इथल्या टाइल्स एकेक करून हातानं बसवलेल्या आहेत.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की आपल्या वतीनं बिल भरायला कुणी आलं नाही. पण ते मला पुरलं नाही. गोल रस्ता, कडेनं देश, प्रत्येकाचं एक खाणं, ही मांडणी डिस्नीच्या माणसांना सुचली कुठून? शोधत मागं गेलो तर थेट १८६७ च्या पॅरिसला पोचलो.

त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी शाँ-द-मार्सच्या मैदानावर (तिथं आयफेल टॉवर अजून यायचा होता) एक प्रचंड लंबवर्तुळाकार इमारत बांधली. तिची रचना वाचून मी लॅपटॉपसमोर उभाच राहिलो. आत एकात एक अशी वर्तुळं, आणि केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या पाकळ्या. प्रत्येक वर्तुळ एका प्रकारच्या वस्तूंचं, प्रत्येक पाकळी एका देशाची. वर्तुळातून गोल फिरलात तर, समजा, सगळ्या जगाची यंत्रं ओळीनं दिसणार. पाकळीतून आतबाहेर चाललात तर एकाच देशाचं सगळं काही. म्हणजे रो आणि कॉलम. अख्खं जग एका टेबलात बसवलं होतं, तेही चालत फिरता येईल अशा टेबलात. डेटाबेस शिकवणाऱ्या आमच्या सरांना हे माहीत असतं तर आमचं एक लेक्चर वाचलं असतं.

आणि अगदी बाहेरच्या कडेला, छपराखाली, वेगवेगळ्या देशांची खाण्यापिण्याची ठिकाणं होती. आत यंत्रं, कापड, चित्रं बघून दमलेला माणूस बाहेर यायचा आणि एका फेरीत अनेक देशांचं चाखायचा. बाहेरच्या बागेत जपानी चहाघर होतं, तिथं तीन गेशा बसलेल्या. चहापेक्षा त्यांना बघायला गर्दी जास्त. एपकॉटचा गोल रस्ता म्हणजे त्या इमारतीची फक्त बाहेरची कड. आतली यंत्रांची आणि चित्रांची वर्तुळं गळून गेली, खाणं उरलं.

इथपर्यंत मला मजा वाटत होती. त्यापुढचं वाचताना हळूहळू कमी झाली, कारण या प्रदर्शनांत आपण होतो, अगदी पहिल्यापासून होतो.

१८५१ चं लंडनचं क्रिस्टल पॅलेस. हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीनं मांडला. त्यात एक भपकेबाज अंबारी होती. अंबारी नुसती टेबलावर ठेवली तर काय शोभा, हत्ती पाहिजे. लंडनमध्ये हत्ती आणायचा कुठून? एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन या गावच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेला एक हत्ती होता, तो मागवला. तो निघाला आफ्रिकन. त्याचे सुपाएवढे कान बघूनही कुणाचं अडलं नाही. हिंदुस्थानची अंबारी आफ्रिकेच्या हत्तीवर चढली आणि लाखो लोकांनी ‘इंडिया’ बघितला.

१८८६ मध्ये लंडनलाच साउथ केन्सिंग्टनमध्ये ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ भरलं. पंचावन्न लाखांवर लोक आले. तिथं हिंदुस्थानी कारागीर प्रत्यक्ष बसून काम करताना दाखवले होते. गालिचे विणणारे, मातीची भांडी घडवणारे, असे चौतीस जण. पिढीजात कला जपणारे साधे गावकरी म्हणून ते लोकांपुढं आले. प्रत्यक्षात ते आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आणले होते आणि त्यांना घेऊन येणारा माणूस होता त्या तुरुंगाचा सुपरिंटेंडंट, डॉ. टायलर. त्यांच्यातल्या बक्षीराम नावाच्या कुंभाराचं वय शंभरच्या पुढचं सांगितलं जायचं. राणी व्हिक्टोरियानं त्यांच्यातल्या काहींची चित्रं रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून काढून घेतली. मी ती फोनवर मोठी करून पाहिली. चेहरे विलक्षण जिवंत आहेत. ही माणसं कुठून आली हे त्या चेहऱ्यांवरून कळत नाही, आणि कळू नये अशीच योजना होती.

त्याच प्रदर्शनाच्या कामावर त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे बंगाली अधिकारी सरकारतर्फे लंडनला गेले होते. सुटाबुटातले, इंग्रजी उत्तम. त्यांनी नंतर युरोपच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ते प्रदर्शन दाखवायला गेले होते, पण लोक त्यांनाच टक लावून बघायचे. काउंटरच्या कुठल्या बाजूला उभे आहात यानं फारसा फरक पडत नव्हता.

आणि खाणं? १८८७ मध्ये याच डॉ. टायलरच्या मार्फत आग्र्याहून अब्दुल करीम हा चोवीस वर्षांचा तरुण राणीच्या सेवेला गेला. आधी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहायचं काम, पुढं तो राणीचा मुन्शी झाला, हे आता सिनेमामुळं सगळ्यांना माहीत आहे. त्यानं राणीला करी करून घातली, तिला ती आवडली आणि राजवाड्यात हिंदुस्थानी जेवण नेहमीचं झालं. ‘करी’. आग्र्यातल्या कुठल्या घरात कुणी “आज करी केलीय” म्हणत असेल असं मला वाटत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात तर नाहीच. पण खाणारी राणी असली की पदार्थाचं नावही तिच्या भाषेतलं होतं.

अमेरिकेत ही प्रदर्शनं आणखी उघडीवाघडी झाली. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनाशी आपली ओळख विवेकानंदांमुळं. ज्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले ती याच प्रदर्शनाचा भाग होती. तिथून काही मैलांवर, ‘मिडवे’ नावाच्या लांबलचक पट्ट्यावर, जगातला पहिला फेरिस व्हील फिरत होता आणि त्याच्या आजूबाजूला कैरोची गल्ली, जावाचं गाव, आफ्रिकेतल्या दाहोमीचं गाव, सगळं माणसांसकट मांडलेलं होतं. एका बाजूला हिंदुस्थानचा संन्यासी व्यासपीठावर, दुसऱ्या बाजूला जगभरची माणसं तिकिटावर. या प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतारकाम करणाऱ्यांत एलायस डिस्नी नावाचा एक जण होता. वॉल्टचा बाप.

१९०४ चं सेंट लुइस मात्र वाचवत नाही. फिलिपिन्स नुकतंच अमेरिकेच्या ताब्यात आलं होतं. तिथून हजाराहून अधिक माणसं आणून सत्तेचाळीस एकरांवर वसवली. त्यातल्या इगोरोत लोकांत काही विशेष विधींच्या वेळी कुत्र्याचं मांस खाण्याची पद्धत होती. प्रेक्षकांना तेच बघायचं होतं, म्हणून जे क्वचित, कारणानं व्हायचं ते प्रदर्शनात रोजचं करून टाकलं. अख्ख्या लोकांची ओळख त्या एका घासावर आली. आपल्याकडच्या एखाद्या जत्रेतल्या नैवेद्याचं ताट उचलून ‘हे लोक रोज हेच खातात’ अशी पाटी लावली तर कसं वाटेल, एवढंच डोक्यात येत राहिलं.

या सगळ्या ओळीत एपकॉट बसवणं अन्यायाचं आहे, हे मला कळतं. तिथं कुणाला तुरुंगातून आणलेलं नाही, कुणाला कुंपणात ठेवलेलं नाही. तरी काउंटरच्या या बाजूचा माणूस त्या बाजूचा देश ठरवतो, ही खोड मात्र तिथंही उतरली आहे. ती ताटात दिसते.

इटलीच्या भागात १९८२ पासून पंचवीस वर्षं जे मोठं हॉटेल होतं ते रोमच्या आल्फ्रेदोच्या नावाचं. फेट्टुचिनी आल्फ्रेदो या पास्त्यासाठी तो प्रसिद्ध. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या आल्फ्रेदो दि लेलियोनं लोणी आणि चीज घालून केलेला हा साधा पास्ता. विसाच्या दशकात हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स रोमला त्याच्याकडं जेवले आणि पदार्थ अमेरिकेत पोचला. तिथं त्यात क्रीम आलं, चिकन आलं, आणि तो इटालियन जेवणाचा चेहरा झाला. इटलीत बहुतेकांच्या घरी तो या नावानं शिजत नाही. जपानच्या भागात टेप्पान्याकी. समोरच्या तव्यावर आचारी सुऱ्या नाचवतो, कांद्याच्या चकत्यांचा ज्वालामुखी करतो. १९४५ मध्ये कोबे शहरातल्या मिसोनो नावाच्या हॉटेलानं लोखंडी तव्यावर मांस भाजून द्यायला सुरुवात केली, ते परदेशी गिऱ्हाइकांना जास्त आवडलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बेनिहाना उघडलं आणि सुऱ्यांची सर्कस त्यात शिरली. म्हणजे जपानमध्ये परदेशी माणसांच्या आवडीवर वाढलेला पदार्थ अमेरिकेत जाऊन तमाशा झाला आणि मग एपकॉटमध्ये ‘जपान’ म्हणून बसला. सांगायला हरकत नाही, ज्वालामुखी पेटला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळी आईनं वाजवली.

मी हे तिला सांगायला लागलो तर ती म्हणाली, “यात नवल काय? आमचं घुटं आठव.”

आईचा गावात बचत गट आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना मुंबईतल्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला. बायकांनी ठरवलं, आपल्याकडचं उडदाचं घुटं आणि भाकरी ठेवायची. बाहेर पाटी लावली. दोन दिवस लोक वाचून पुढं जात होते. घुटं म्हणजे काय हे विचारायलाही थांबत नव्हते. जे थांबले ते विचारायचे, “कोल्हापुरी काही आहे का?” तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून नवी पाटी लिहून घेतली, ‘झणझणीत कोल्हापुरी थाळी’. रश्शात लाल तिखट दुप्पट. कोल्हापूर आमच्यापासून शंभर किलोमीटरवर, आणि हॉटेलात ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणून जे मिळतं ते कोल्हापूरच्या घरांत कुणी करत नाही, हे त्या बायकांनाही माहीत होतं. पण माल संपला. पैसे वाटून घेतले, एकीनं शिलाई मशीन घेतलं. “घुटं आम्ही रात्री मुक्कामाला गेल्यावर खायचो,” आई म्हणाली.

मग मला माझा समोसा आठवला. ऑफिसात एकदा ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ होता. सगळ्यांनी आपापल्या देशाचं काहीतरी आणायचं. माझ्या नावापुढं कुणीतरी आधीच ‘समोसा’ लिहून ठेवलं होतं. आमच्या घरी आजवर समोसा झालेला नाही. मी इंडियन ग्रोसरीतून फ्रोझन आणला, ओव्हनमध्ये गरम केला, आणि “तुझी आई असाच करते का?” याला “हो” म्हणालो. फ्रोझन समोशाच्या खोक्यावरच्या हत्तीचं चित्र मला आजही आठवतं. कान छोटे होते. निदान तेवढं बरोबर होतं.

आता न आलेल्या देशांबद्दल. चीन आणि जर्मनीच्या मध्ये एक छोटीशी जागा आहे, ‘आउटपोस्ट’. झोपडीवजा दुकान, ढोल, कोका-कोला. आई तिथं दोन मिनिटं थांबली आणि म्हणाली, “हा कुठला देश?” हा देश नाही. १९८२ मध्ये विषुववृत्तीय आफ्रिकेचा भाग होणार असं कंपनीनं जाहीर केलं होतं. ‘रूट्स’चे लेखक ॲलेक्स हेली यांनी उद्घाटनाच्या टीव्ही कार्यक्रमात त्याबद्दल सांगितलंही. तो कधी बांधला गेला नाही. स्पेनचा, इस्रायलचाही झाला नाही. दक्षिण अमेरिकेतला तर एकही देश तिथं नाही.

पण आफ्रिका आणि हिंदुस्थान डिस्नीत अजिबात नाहीत असं नाही. ते थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या पार्कात आहेत. त्याचं नाव ॲनिमल किंगडम. तिथं ‘हरांबे’ नावाचं काल्पनिक आफ्रिकी गाव आहे. १९९९ मध्ये उघडलेल्या आशियाच्या भागात ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक राज्य आहे. थोडा भारत, थोडा नेपाळ, थोडं आणखी कुठलं कुठलं. पडक्या महालात वाघ हिंडतात. मी पुढच्या महिन्यात मुद्दाम एकटा जाऊन आलो. काम सुंदर आहे. विजेच्या तारांचा गुंता, भिंतींवर हातानं रंगवलेल्या जाहिराती, हे इतकं बरोबर जमलंय की क्षणभर घरची आठवण आली. तरी डोक्यातून गेलं नाही. फ्रान्स, जर्मनी, जपान देशांच्या पार्कात आणि आपण प्राण्यांच्या. क्रिस्टल पॅलेसच्या त्या हत्तीला जाऊन तेव्हा दीडशे वर्षं होत आली होती.

आईला मी हे फोनवर सांगितलं. ती तोवर परत गेली होती. ती म्हणाली, “जाऊ दे. तिथली पोरगी लक्षात आहे का तुझ्या?”

होती. तिच्यामुळंच मी कायद्याच्या भानगडीत शिरलो.

वर्ल्ड शोकेसमध्ये प्रत्येक देशाच्या काउंटरमागं त्या देशातली तरुण मुलंमुली असतात. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली गाव. कोरोनात पार्क बंद झालं तेव्हा ही सगळी मुलं आपापल्या घरी परत पाठवली गेली. २०२० च्या जुलैमध्ये पार्क उघडलं, पण त्यानंतर बराच काळ जपानमध्ये जपानी नाहीत आणि नॉर्वेत नॉर्वेजियन नाहीत अशी स्थिती होती. २०२२ पासून ती हळूहळू परत आली. ती येतात ‘क्यू-वन’ नावाच्या व्हिसावर. अट काय, तर वय किमान अठरा आणि आपल्या देशाच्या संस्कृतीबद्दल लोकांशी बोलता आलं पाहिजे. मुदत जास्तीत जास्त पंधरा महिने. परत यायचं असेल तर मध्ये एक वर्ष अमेरिकेबाहेर काढायचं. हा व्हिसा प्रामुख्यानं डिस्नीच्या गरजेतून आला, त्यामुळं त्याला ‘डिस्नी व्हिसा’च म्हणतात. तो आला १९९० च्या इमिग्रेशन ॲक्टमधून.

हे वाचून मी माझ्या फाइलमधला कागद काढला. माझा एच-वन-बी. तोही त्याच १९९० च्या कायद्यातला. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या बुशनं केलेल्या त्याच सहीखालचा. आम्ही एकाच बापाची पोरं निघालो. माझ्या व्हिसासाठी डिग्री तपासली, तिच्यासाठी संस्कृती. दोघांच्याही बाबतीत अर्ज मालकानं करायचा, काम त्याच्याकडंच करायचं, आणि नोकरी गेली की दिवस मोजायला सुरुवात. मी बिल्ला गळ्यात अडकवतो, ती छातीवर लावते. माझ्या बिल्ल्यावर गावाचं नाव नाही, एवढाच फरक.

इथं मला न्यूयॉर्कची एक गोष्ट आठवते. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात फ्रान्सच्या भागातलं रेस्टॉरंट फार गाजलं. ऑन्री सुले हा ते सांभाळत होता. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. प्रदर्शनातला फ्रान्स उभा होता, खरा पडला होता. सुले आणि त्याचे काही आचारी अमेरिकेतच राहिले आणि १९४१ मध्ये मॅनहॅटनला त्यांनी ‘ल पाव्हियाँ’ उघडलं. अमेरिकेत फ्रेंच जेवण म्हणजे काय हे पुढं कितीतरी वर्षं तिथं ठरत होतं. त्या हॉटेलच्या नावाचा अर्थ ‘पॅव्हिलियन’. प्रदर्शनाचा मांडव उठला तरी त्यांनी नाव तेच ठेवलं.

तर ती पोरगी. आमची उलटी प्रदक्षिणा संपत आली होती, उरले होते फक्त नॉर्वे आणि मेक्सिको. नॉर्वेत लाकडी देवळाची प्रतिकृती आहे. एकेकाळी तिथं नॉर्वेच्या इतिहासातून नेणारी होडी होती, आता तीच होडी ‘फ्रोझन’ सिनेमातल्या, कुठल्याच नकाशावर नसलेल्या राज्यातून जाते. आमचे पाय दुखत होते. बाजूच्या छोट्या बेकरीतून मी आईसाठी ‘स्कूल ब्रेड’ घेतला. केकमधलं अंडं तिला चालतं. गोल पाव, मध्ये कस्टर्ड, वरून खोबऱ्याचा कीस.

तिनं पहिला घास घेतला आणि थांबली. “वेलदोडा आहे यात.”

होता. नॉर्वेत पाव गोड असला की कणकेत वेलदोडा घालतातच. वर खोबरं, आत वेलदोडा. मला फ्लोरिडातल्या त्या नॉर्वेत बसून करंजीची आठवण झाली. “म्हणजे आपण आहोत की,” आई म्हणाली. आज जगात सगळ्यात जास्त वेलदोडा निर्यात करणाऱ्यांत ग्वाटेमाला पुढं आहे, हे मला नंतर कळलं. तिला मी ते अजून सांगितलेलं नाही.

ती कागद हातात घेऊन काउंटरपाशी परत गेली. तिथं एक गोरीपान, विशीतली मुलगी होती, बिल्ल्यावर गाव बर्गन. आईनं मला दुभाष्या केलं.

“हिला विचार, घरी करतात का हे?”

“आजी करते,” मुलगी म्हणाली. “आई नाही.”

“मग घरी काय असतं?”

ती हसली. आजूबाजूला एकदा बघितलं, आवाज थोडा खाली केला. “शुक्रवारी टाको. बाकी दिवशी फ्रोझन पिझ्झा.” मला वाटलं थट्टा करतेय. पण नॉर्वेत शुक्रवारचा टाको ही खरोखरच रूढी आहे, दुकानातून तयार किट आणायचं आणि घरच्यांनी एकत्र बसून भरायचं. ग्रांदिओसा नावाचा फ्रोझन पिझ्झा तर १९८० पासून तिथं घरोघरी आहे.

आईला हे सगळं सांगितलं. ती क्षणभर विचारात पडली.

“मग तो टाको का नाही ठेवत इथं?”

मी विचारलं. मुलीनं आमच्या खांद्यावरून पलीकडं, मेक्सिकोच्या पिरॅमिडकडं बोट दाखवलं.

“तो शेजारच्या देशात मिळतो,” ती म्हणाली. “माझी सुट्टी साडेपाचला होते. मी तिथूनच घेते.”